उतारावरचं दुखणं

आमचं घर वरच्या वाडीत आणि देऊळ खाली, भातशेतीच्या कडेला. मधे चिऱ्यांची पाखाडी. ही पायऱ्यांची वाट कुणी बांधली ते गावात कुणालाच माहीत नव्हतं, पण बांधणाऱ्याचे पाय फार लांब असावेत, कारण तिच्यातली एकही पायरी साध्या माणसाच्या मापाची नव्हती. त्या वर्षी माझा उजवा पाय पाखाडी उतरताना दुखायचा आणि चढताना दुखायचा नाही. एवढीच गोष्ट. पण एवढ्याशा गोष्टीवरून गावानं माझ्याबद्दल निरनिराळी मतं बनवली आणि त्यातलं एकही मत मला सोयीचं नव्हतं.

मी तेव्हा शाळा संपवलेली आणि पुढे काय ते न ठरलेली मुलगी होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर. घरात ते आमच्यासारखेच मालवणी बोलत, पण रागावले की शाळेतल्या मराठीवर जात. 'शालन, हे वर्तन योग्य नव्हे' असं कानावर आलं की समजायचं, आज जेवताना कुणी बोलायचं नाही. आई कमी बोलायची. ती पडवीत मशीनवर गावातल्या बायकांची पोलकी शिवायची. सकाळी पेजेचं भांडं चुलीवर खदखदत असे, पडवीत मशीन खडखडत असे आणि वरच्या रस्त्यावर एसटी हॉर्न देत असे. हे तिन्ही आवाज एकत्र आले की अण्णा धावत सुटत आणि पेज ताटलीत तशीच राहत असे.

देवळात एक पायपेटी होती. तिला खाली दोन पावट्या. पायांनी त्या आळीपाळीनं दाबत भाता भरायचा आणि वर दोन्ही हात मोकळे ठेवून वाजवायचं. दशावतारी नाटकांतून असते तशीच. एका नाटकमंडळीनं नवी पेटी घेतली तेव्हा जुनी देवाला वाहिली होती. देवाला ती वाजवता येत नसल्यामुळे ते काम अण्णांकडे आलं. पुढे अण्णांची बदली लांबच्या शाळेत झाली. ते संध्याकाळच्या आरतीपर्यंत पोचेनात, म्हणून मी वाजवायला लागले. मला त्यांनी घरीच शिकवलं होतं. बोटं टेबलाच्या कडेवर आणि पाय आईच्या मशीनवर, पट्टा काढून. आई म्हणायची, "माझी मशीन काय देवळातली पेटी?" पण पट्टा तीच काढून द्यायची.

मी वाजवते याला गावाची हरकत नव्हती. आरतीला पाच-सात माणसं असत आणि त्यातली निम्मी प्रसादासाठी आलेली. मला मात्र तो दिवसातला एकमेव असा वेळ वाटे, की ज्यात मी कुणाची तरी मुलगी नसून पेटी वाजवणारी असे. मी तासन्‌तास सराव करायचे. देवळात पेटीवर, घरी मशीनवर. पाय सारखा खाली दाबायचा, चवडा पार टेकेपर्यंत.

पावसाळ्याच्या आधी कधीतरी दुखायला लागलं. कुठे दुखतं ते मला बोट ठेवून दाखवता येईना. टाचेच्या वर, घोट्याच्या मागे, घोडशिरेच्या, म्हणजे टाचेमागच्या जाड शिरेच्या, आतल्या अंगाला, खोल कुठेतरी. बाहेरून दाबलं तर नीट सापडायचं नाही. सूज नव्हती, लाली नव्हती. पाऊल खाली झुकलं, चवडा पुढे ताणला गेला, की आत काहीतरी चिमटीत सापडल्यासारखं व्हायचं आणि मी ओरडायचे. पाऊल वर केलं की जायचं.

घरात यामुळे फार विचित्र परिस्थिती झाली. उकिडवं बसून मी टोपलीभर भांडी घासत असे, काही होत नसे. विहिरीचं पाणी घेऊन चढ चढत असे, काही होत नसे. देवळाकडे उतरायला लागले की लंगडायचे. देवापुढे गुडघे टेकून, पावलं पालथी टाकून नमस्काराला वाकले की किंचाळायचे. आईनं हे काही दिवस पाहिलं. एकदा माझ्या पानात आंबोळी टाकताना ती म्हणाली, "भांडी घासताना दुखणा नाय, आणि देवाच्या पाया पडताना बरो दुखता!"

ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं आणि मलाही कळत नव्हतं. मी वाटाण्याच्या सांबाऱ्यात आंबोळी बुडवत बसले.

उपाय झाले. लसूण घालून उकळलेलं खोबरेल झालं, वैद्याचा लेप झाला. मालवणला एका डॉक्टरांनी टाच दुखते असं समजून उंच टाचेच्या मऊ चपला घ्यायला सांगितल्या. त्या घातल्यावर पाऊल दिवसभर खाली झुकलेलंच राहायला लागलं आणि जे दुखणं फक्त पाखाडीवर होतं ते सपाट अंगणातही आलं. मी त्या चपला आईला दिल्या. तिला त्या फार आवडल्या.

मग एके दिवशी माझा मलाच शोध लागला, की पाखाडी उलटं चालत उतरली तर दुखत नाही. तोंड घराकडे, पाठ देवळाकडे, आणि एकेक पायरी मागे. पाऊल चढतानासारखंच राहतं, त्यामुळे मागे काही सापडत नाही. अर्थात हे स्पष्टीकरण आत्ताचं. तेव्हा मला फक्त दुखत नाही एवढंच कळलं आणि मी रोज संध्याकाळी उलटी उतरू लागले. वळून न बघता. वाट पाठ होती.

हे मी करायला नको होतं. आमच्याकडे उलट्या पायांचं कोण असतं हे लहान पोरालाही माहीत असतं. दिवेलागणीला पाखाडीवरून पाठमोरी खाली येणारी मुलगी पाहून खालच्या वाडीतल्या एका बाईनं हातातली घागर टाकली. ती घागर फुटली नाही, तांब्याची होती, पण आवाज बराच झाला. आठवड्यात दोन पक्ष पडले. एक म्हणे, मास्तरांचं चेडू, म्हणजे मुलगी, सोंग करतं. दुसरा म्हणे, सोंग नाही, त्याला काहीतरी लागलंय आणि ते त्याला देवळाकडे जाऊ देत नाही. घराकडे येताना पाय कसा धड होतो बघा. कुडाळहून येणारी एक स्थळाची मंडळी बाजारापर्यंत आली आणि तिथूनच परत गेली. आईनं त्या दिवशी केलेल्या खीरपुऱ्या आम्ही तिघांनी दोन वेळा खाल्ल्या. मशीन दिवसभर बंद होती.

मला सोंगाचं फारसं वाईट वाटत नव्हतं, कारण ते खोटं आहे हे मला माहीत होतं. हळूहळू मात्र तेही माहीत नाहीसं झालं. सगळे सांगतात तर असेल, असं वाटू लागलं. कदाचित आरतीला जमणाऱ्या माणसांची मला भीती वाटत असेल आणि पाय मनाचं ऐकत असेल. मी अंथरुणावर पडून चवडा ताणून बघायचे. दुखलं की बरं वाटायचं.

श्रावणात आमच्याकडे भजनी सप्ता असतो. सात दिवस, अखंड. वाड्या पाळीपाळीनं येतात, पण टाळ आणि पेटी क्षणभर थांबता कामा नये. खंड पडला तर तो गावाला बाधतो अशी समजूत आहे. पेटीवाले मोजके, त्यामुळे या वर्षी मला एक पाळी मिळावी असं अण्णांनी मानकऱ्यांना सुचवलं होतं. मुख्य मानकरी दाजी. उंच, कोरडा माणूस, काजूच्या बागा राखलेला. बोलताना ते समोरच्याकडे न बघता त्याच्या मागच्या झाडाकडे बघायचे. देवाला गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीनं साकडं, घालायचा मान त्यांचा. त्यांनी होय म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं.

आणि सप्त्याच्या तोंडावर, दाजी स्वतः हजर असताना, आरतीच्या मधेच माझा पाय गेला. पावटी खाली दाबली आणि आत अशी कळ आली की पाय आपोआप उचलला गेला. भाता रिकामा झाला. पेटी एक लांब उसासा टाकून बंद पडली. घंटा वाजवणारा थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दाजी माझ्या मागच्या खांबाकडे बघत होते.

आरतीनंतर ते अण्णांना म्हणाले, "मास्तरानू, चेडवाची बोटां गोड आसत, माझा काय म्हणणा नाय. पण सप्त्यात खंड पडलो तर सगळ्या गावाक भोगूचा लागतला. पायाचो भरवसो नाय, तेका बसवूचा कसा?"

अण्णांनी मान हलवली, कारण हे म्हणणं वाजवी होतं.

देवाला विचारायचं ठरलं. कौल लावायचा, म्हणजे पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि देवाला प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दुसऱ्या दिवशी दाजींनी पाकळ्या लावून विचारलं, या चेडवाला पेटीवर बसवावं की नाही. आम्ही सगळे बघत उभे राहिलो. पाऊस लागलेला होता, हवा दमट होती, दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. काही माणसं बसली. काही तंबाखू खायला बाहेर जाऊन आली. मी एका पायावर उभी होते. शेवटी अण्णा खाकरले.

"दाजीनू, देव इचार करता आसा. तवसर आमी डाक्टराक दाखवून येतंव."

दाजींनी पाकळ्यांकडे पाहिलं. "येवा," ते म्हणाले.

कुडाळला बाजाराच्या दिवशी एक हाडांचे डॉक्टर घाटावरून येत. एका दुकानाच्या माडीवर त्यांचा दवाखाना होता. हाडांच्या डॉक्टरांनी माडीवर दवाखाना का थाटावा, हे जिन्यात रांग लावून बसलेले लोक एकमेकांना विचारत होते. चढताना मला काही झालं नाही. डॉक्टर बारीक चणीचे, चष्मेवाले. अण्णा लगेच शाळेतल्या मराठीत शिरले आणि त्यांनी लसूण, लेप, चपला हे सगळं क्रमानं सांगितलं. डॉक्टरांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग मला पालथं झोपायला सांगितलं.

"कधी दुखतं ते सांगू नकोस," ते म्हणाले. "मी दुखवतो, तू फक्त ओरड."

त्यांनी माझं पाऊल धरलं आणि वर दुमडलं. मी गप्प. बाजूला फिरवलं. मी गप्प. मग टाच मुठीत धरून झटकन चवडा खाली दाबला. मी ओरडले. खाली जिन्यातले लोक माना वर करून बघायला लागले.

"उतारावर?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"चढावर नाही."

"नाही."

"मांडी घालून, उकिडवं बसून नाही. पाय पालथे घालून बसलं की दुखतं."

मी त्यांच्याकडे वळून बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी ही यादी मला न विचारता म्हणून दाखवली होती.

फोटो काढला. हाडं चांगली होती. अण्णांचा चेहरा पडला. मग सोंगच, असं ते म्हणाले नाहीत, पण मला ते दिसलं. डॉक्टरांनी त्यांच्या पानाच्या चंचीकडे बोट केलं. "अडकित्ता आहे का?" अण्णांनी दिला. डॉक्टरांनी तो उघडून टेबलावर धरला. "हे वरचं नडगीचं हाड. हे खालचं टाचेचं. मधे एक छोटं हाड आहे, ते आत्ता सोडून द्या. सांधा जागेवर राहावा म्हणून मागच्या बाजूनं पट्टे बांधलेले असतात. अस्थिबंध. लिगामेंट म्हणतात. काही माणसांना तिथं एक जास्तीचा पट्टा असतो, या घोट्यापासून त्या घोट्यापर्यंत, आडवा. जन्मापासून. त्याचा त्रास बहुतेकांना कधीच होत नाही." त्यांनी विड्याच्या पानाचा देठ अडकित्त्यात आडवा ठेवला. "पाऊल वर असताना अडकित्ता उघडा. पाऊल खाली झुकलं की मिटला." त्यांनी मिटला. देठ तुटला नाही, चेचला. "हे दिवसातून एकदा झालं तर काही नाही. तुमची मुलगी पायानं काय करते?"

"पेटी वाजवते," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी देठ खाली ठेवला. हे उत्तर त्यांना नवीन असावं.

मग त्यांनी घोडशिरेच्या बाजूनं आत एक इंजेक्शन दिलं. हे औषध नाही, म्हणाले, फक्त ती जागा बधिर करायची. जागा बरोबर असेल तर दुखणं तेवढ्यापुरतं जाईल. थोड्या वेळानं मला म्हणाले, "आता जिना उतर. सरळ."

मी जिन्याच्या तोंडाशी गेले. खाली रांगेतले लोक वर बघत होते. उजवा पाय खाली टाकला. चवडा झुकला, पायरीला लागला, आणि काही झालं नाही. दुसरी पायरी. काही नाही. मी खालपर्यंत गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. लोकांनी मला वाट देण्यासाठी पाय आखडून घेतले. कितीतरी वेळा झाल्यावर कंपाउंडर म्हणाला, "ताई, आता पुरे." मी जिन्यावरच बसले आणि रडायला लागले. अण्णा खाली आले, माझ्या शेजारी बसले. त्यांना वाटलं, दुखतंय.

"खूप दुखता?" त्यांनी विचारलं.

"दुखणा नाय," मी म्हटलं. "म्हणजे खरा होता."

 माझ्या डोक्यावर हात ठेवून अण्णा बराच वेळ बसले आणि आमची एसटी चुकली.

आज हे सगळं सांगायला माझ्या भाचीला दोन मिनिटं लागतात. ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं मागे माझा एमआरआय करवला आणि त्या आडव्या पट्ट्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. शेजारचा एक जण पर्यटकांना समुद्रात बुडी मारायला नेतो. पायाला ती लांब वल्ही बांधून दिवसभर पाणी मारायचं. परवा तो तीच तक्रार घेऊन माझ्या अंगणात आला. घोट्याच्या मागे, खोल, बोट ठेवता येत नाही. मी त्याला म्हटलं, "चढावर दुखणा नाय ना?" तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच कौल लावलाय. त्याला मी भाचीकडे पाठवलं. पट्ट्या, विश्रांती, पोटऱ्यांचे व्यायाम. माझं दुखणंही असंच, कापाकापी न करता, वर्ष-दीड वर्षात निवलं. पण सप्ता तेव्हा दहा-बारा दिवसांवर आला होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सप्त्यापर्यंत विश्रांती, आणि मग वाजवायचंच असेल तर पाऊल सपाटीच्या खाली जाऊ द्यायचं नाही. अण्णांनी पेटीच्या पावट्यांखाली लाकडाचे ठोकळे बसवले. ते काम त्यांनी स्वतः केलं, त्यामुळे एक ठोकळा दुसऱ्यापेक्षा जाड झाला. पावटी अर्धीच खाली जाई, भाता अर्धाच भरे, आणि हवा पुरवायला पाय दुप्पट हलवावे लागत. पेटीचा आवाज धाप लागल्यासारखा येई. दाजी तो ऐकत खांबाला टेकून उभे होते. अण्णांनी त्यांना अडकित्ता उघडून, मिटून दाखवला. दाजींनी तो हातात घेऊन स्वतः मिटून बघितला.

"ता जन्मताच आसा?"

"व्हय. सगळ्यांक नसता. थोड्यांकच."

"म्हणजे देवानच दिलेला."

"तुमी तसा म्हणा," अण्णा म्हणाले.

दाजींनी अडकित्ता परत दिला. "मगे देवाक इचारूचा कशाक? तेका म्हायत आसा." आणि त्यांनी मला दुपारची पाळी दिली. जेवणानंतरची, जेव्हा निम्मा गाव घोरत असतो आणि उरलेला निम्मा देवळात बसून घोरतो. ही पाळी कुणालाच नको असायची.

सप्ता बसला त्या सकाळी सगळा गाव देवळात जमला. दाजी देवापुढे उभे राहिले, आणि गाऱ्हाणं सुरू झालं.

"बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां तुझ्या दारात सप्त्याक उभी आसत. तेंच्या हातान काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

पाऊसपाणी झालं, भात झालं, काजू-आंबे झाले, मुंबईला आणि गोव्याला असलेले झाले. मग दाजींनी हात पुन्हा जोडले.

"आणि म्हाराजा, मास्तरांच्या चेडवाच्या घोट्याच्या पाठल्यान एक लिगामेट आसा. ता तूच दिलेला आसा. ता सापडता आणि चेडवाक तरास होता. आज तेच्या पाळयेक ता तेच्या जाग्यार ऱ्हव दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गावानं म्हटलं. लिगामेट म्हणजे काय हे तिथे कुणालाही ठाऊक नव्हतं. पण त्यात सोंग म्हणणारे होते आणि उलट्या पायांचं म्हणणारेही होते, आणि सगळ्यांचा आवाज एकच आला. माझ्या शेजारी आई उभी होती. तिनं माझा दंड धरला आणि गाऱ्हाणं संपेपर्यंत सोडला नाही.

माझी पाळी बरी गेली. टाळकरी पेंगत होते, पण हात चालू होते. पाय दुप्पट हलवत मी वाजवत राहिले, आणि पाळी संपत आली तेव्हा घोट्यामागे काहीतरी जागं झाल्यासारखं वाटलं. माझ्यानंतर खालच्या वाडीचा भिकू येणार होता. तो आला नाही. घरी झोपला होता. त्याला उठवायला माणूस गेला. मी आणखी एक अभंग घेतला. मग आणखी एक. पाऊस पत्र्यावर कोसळत होता. कळ आता प्रत्येक दाबाला येत होती, आणि ठोकळ्याच्या जाड-बारीकपणामुळे उजवा पाय थोडा थोडा खाली घसरत होता. मी ओठ आवळून बघत होते ते फक्त दाराकडे. पेटीचा आवाज खाली जायला लागला. एक टाळकरी डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागला.

दाजी खांबाजवळून उठले. धोतराचा काचा वर खोचला आणि माझ्या पेटीसमोर जमिनीवर बसले. काही न विचारता त्यांनी माझा उजवा पाय घोट्याला हात न लावता, पोटरीला धरून उचलला आणि बाजूला ठेवला. मग डावाही. आणि दोन्ही हातांचे पंजे पावट्यांवर ठेवून दाबायला लागले.

"तू बोटां सोडू नको," ते म्हणाले.

मी बोटं सोडली नाहीत. त्यांना भात्याचा ताल माहीत नव्हता. हवा कधी जास्त येई, कधी कमी, पेटी मोठ्यानं गाई आणि मग पुटपुटे, पण थांबली नाही. दाजींच्या कपाळावरून घाम नाकावर उतरला, तो पुसायला हात मोकळा नव्हता. पायांखालची फरशी गार होती. टाळकरी पूर्ण जागे झाले आणि त्या दिवसात पहिल्यांदाच सगळे एका सुरात म्हणायला लागले. दारातून आई आत आली होती, भिजलेली. ती उभीच राहिली.

भिकू धावत आला, तसाच पेटीवर बसला, आणि घाईत त्यानं पाय पावट्यांवर ठेवले, म्हणजे दाजींच्या पंजांवर. दाजी ओरडले नाहीत. एकेक बोट त्यांनी खालून ओढून घेतलं, आवाजात खंड न पडू देता. मग उठायला त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. पंजे लाल झाले होते. ते त्यांनी धोतराला पुसले आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या मागच्या कशाकडे नाही, माझ्याकडे.

"भारी जड आसा गो ही पेटी," ते म्हणाले. "आजचा झाला. फाल्या ह्याच येळार ये."